प्रॅक्टिकलचे तीस मार्क

बारावीच्या फिजिक्सचा हिशेब महाराष्ट्रातल्या सायन्सच्या घरांमध्ये पाठ असतो. बोर्डाचा लेखी पेपर ७० मार्कांचा, प्रॅक्टिकल ३० मार्कांचं. सीईटीला फिजिक्सचे ५० प्रश्न आणि ५० मार्क. नीटला ४५ प्रश्न, १८० मार्क. जेईईला एकूण मार्कांचा तिसरा हिस्सा. प्रवेशासाठी ज्या परीक्षांवरून जीव खालीवर होतो, त्यातल्या एकीतही प्रत्यक्ष प्रयोग करण्याला मार्क नाहीत. त्यामुळे बोर्डाचे ते तीस मार्क ‘मिळतातच’ या खात्यात जमा होतात. जर्नल कुणाचं तरी बघून उतरवायचं, व्हायवाला कुठले प्रश्न येतात ते आदल्या बॅचला विचारून घ्यायचं, आणि एक्स्टर्नलसमोर शहाण्यासारखं वागायचं. इंटिग्रेटेड क्लासवाल्या कित्येक मुलांना आपल्या कॉलेजची प्रयोगशाळा कुठल्या मजल्यावर आहे, हे बारावीच्या जानेवारीत कळतं.

मला हा सौदा तोट्याचा वाटतो. फिजिक्स पुढे जिथे रोजच्या कामात लागतं, तिथे या तिसांची किंमत सत्तरांपेक्षा जास्त असते.

सर्वांत साधा प्रयोग घेऊ. साधा लंबक. धातूचा छोटा गोळा, दोरा, स्टँड, स्टॉपवॉच. टांगणीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी एक मीटरला जेमतेम कमी, ९९ सेंटिमीटरच्या आसपास ठेवली, की लंबक एका दोलनाला दोन सेकंद घेतो. लांबी आणि दोलनाचा वेळ कळला की गुरुत्वीय त्वरण काढता येतं. ते ९.८ आहे हे नववी-दहावीपासून सगळ्यांना माहीत असतं, म्हणून हा प्रयोग पोरखेळ समजला जातो.

पण मोजायला बसलं की खरी गंमत सुरू होते. डोळ्यांना दिसणं आणि बोटाने बटण दाबणं यात थोडा वेळ जातो, साधारण ०.२ सेकंदांचा घोळ धरू. एकच दोलन मोजलं तर २ सेकंदांत ०.२ सेकंद, म्हणजे १० टक्क्यांची चूक. सूत्रात वेळेचा वर्ग येतो, म्हणून उत्तरात ती दुप्पट होऊन २० टक्के. आता वीस दोलनं मोजा. घोळ तेवढाच, ०.२ सेकंदांचा, पण तो ४० सेकंदांवर पसरला. चूक अर्धा टक्का, उत्तरात एक टक्का. स्टॉपवॉच तेच, बोट तेच. महागडं उपकरण न आणता, नुसतं कसं मोजायचं ते ठरवून वीसपट अचूकता मिळवली.

याच प्रयोगातली दुसरी खोच मोजण्याच्या सुरुवातीची. बटण दाबताना तोंडाने ‘एक’ म्हटलं, की वीस म्हणेपर्यंत दोलनं झालेली असतात एकोणीसच. ३८ सेकंदांना विसाने भागलं जातं, एका दोलनाचा वेळ १.९ सेकंद येतो आणि उत्तर निघतं १०.८६. जाणत्या सरांना हा आकडा दिसला की ते सूत्रही तपासत नाहीत. ‘शून्यापासून मोजलंस का रे?’ एवढंच विचारतात. चुकीच्या आकड्यावरून चूक कुठे झाली ते ओळखता येणं, ही फिजिक्समधली फार मोठी विद्या आहे.

दुर्दैवाने १०.८६ हा आकडा जर्नलपर्यंत पोचतच नाही. मुलं रीडिंग जुळवतात. ९.८ वरून उलटा हिशेब करून प्रत्येक लांबीला किती वेळ ‘यायला हवा’ ते काढायचं, खरं वाटावं म्हणून शेवटच्या दशांशात थोडी कालवाकालव करायची, आणि आलेखावर सगळे ठिपके एका रेषेत बसवायचे. हे करायलाही सूत्र नीट समजावं लागतं, हे मान्य. पण या वाटेने गेलेल्या मुलाच्या हाताला एकच गोष्ट लागते: उत्तर आधी माहीत असल्याशिवाय मोजायला न बसणं.

आता उत्तर कुणालाच माहीत नसतं अशा जागी जाऊ. कॅन्सरच्या रुग्णालयातला रेडिओथेरपीचा विभाग. तिथे लिनियर ॲक्सिलरेटर नावाचं यंत्र असतं. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने इलेक्ट्रॉन पळवून ते टंगस्टनसारख्या जड धातूवर आपटायचे आणि त्यातून निघणारे क्ष-किरण गाठीवर रोखायचे, हे त्याचं काम. डोस ग्रे या एककात मोजतात. नेहमीच्या उपचारात दिवसाला साधारण २ ग्रे, असे काही आठवडे. किती डोस द्यायचा ते डॉक्टर ठरवतात. यंत्र तेवढाच देतंय की नाही, हे बघणारी व्यक्ती मात्र डॉक्टर नसते. ती फिजिक्सची असते. तिला मेडिकल फिजिसिस्ट म्हणतात, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे तिच्याशिवाय असा विभाग चालवता येत नाही.

ती मोजते कसं ते बघण्यासारखं आहे. माणसाच्या शरीरात पाण्याचाच भरणा जास्त, म्हणून शरीराच्या जागी पाण्याची टाकी ठेवतात. त्यात ठरलेल्या खोलीवर एक आयनीकरण कक्ष सोडतात. कक्ष म्हणायचं, पण आतली पोकळी अर्ध्या-पाऊण घनसेंटिमीटरची, आणि तिच्यात भरलेली असते साधी हवा. क्ष-किरणांनी त्या हवेचे आयन होतात, तो विद्युतभार इलेक्ट्रोमीटरवर मोजायचा आणि त्यावरून डोस काढायचा.

मात्र ही पोकळी बाहेरच्या हवेशी जोडलेली असते. खोली तापली की आतली हवा विरळ होते आणि तेवढ्याच किरणांना कमी भार दिसतो. तापमान २० अंशांवरून २५ वर गेलं तर केल्व्हिनमध्ये २९३ चे २९८ होतात, फरक १.७ टक्के. हवेच्या दाबाचंही तेच. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, तिथला दाब मुंबईपेक्षा साधारण सहा टक्क्यांनी कमी. दाबाची दुरुस्ती विसरून कुणी मुंबईच्या हिशेबाने पुण्यात डोस काढला, तर यंत्र सहा टक्के कमी देतंय असं दिसेल. ते ‘सुधारायला’ डोस वाढवला, की त्या यंत्राखाली येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला सहा टक्के जास्त. या कामात चालण्याजोगा फरक दोन-तीन टक्क्यांचा. म्हणून तिथे इतक्या कोटींच्या यंत्राशेजारी तापमापी आणि वायुदाबमापी असतात, आणि दुरुस्तीचं सूत्र अकरावी-बारावीत वायूचे नियम म्हणून घोकलेलंच असतं. रीडिंग जुळवायची सवय लागलेल्या हातांनी हे काम करू नये, असं मला मनापासून वाटतं.

या कामाकडे जाणारा आपल्याकडचा जुना आणि मानाचा रस्ता म्हणजे एम.एस्सी. फिजिक्स आणि त्यानंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा.

इतकं लांब शिकायचं नसेल त्यांच्यासाठीही मोजण्याची कामं आहेत. चाकण-भोसरीकडच्या कारखान्यांत क्रँकशाफ्टसारखे घडीव भाग बनतात. आत तडा किंवा पोकळी आहे का, हे भाग न कापता बघायचं तर त्यात अल्ट्रासाउंड सोडतात. नववीच्या ‘ध्वनीचा अभ्यास’ या धड्यातला प्रतिध्वनीच तो. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला ५९०० मीटरच्या आसपास. दोष ३० मिलिमीटर खोल असेल तर लहर जाऊन परत यायला सुमारे दहा मायक्रोसेकंद लागतात. आधी माहीत जाडीच्या पोलादी ठोकळ्यावर यंत्र लावून घ्यायचं आणि मगच भागाला हात लावायचा, हा तिथला पहिला धडा. व्हर्नियर हातात आला की आधी झिरो एरर बघायला सांगतात, ते याच कारणासाठी. या शाखेला एनडीटी म्हणतात. तिच्या पातळीवार प्रमाणपत्र परीक्षा असतात आणि डिप्लोमा किंवा बी.एस्सी. झालेली मुलं त्या देतात. चष्म्याचा नंबर काढणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टचंही तसंच. दहावीतल्या भिंगांच्या धड्यावर त्याचं अख्खं आयुष्य चालतं.

हवामानखात्याला आपण नावं ठेवत असलो तरी फिजिक्सवाल्यांना सामावून घेणारं ते फार जुनं घर. १९२८ साली या खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. पाषाणला १९६२ साली स्थापन झालेली भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे, आणि तिची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा महाबळेश्वरला, म्हणजे जिथे ढग स्वतःहून खिडकीत येतात तिथे. अकरावीच्या ‘साउंड’च्या धड्यात जवळ येणाऱ्या गाडीच्या शिट्टीवरून डॉप्लर परिणाम शिकवतात. हवामानाचं रडार त्याच तत्त्वावर ढगातल्या थेंबांचा वेग काढतं. खात्याच्या विज्ञान सहायकांच्या भरतीत फिजिक्स हा विषय असलेली बी.एस्सी. पदवी चालत आलेली आहे. हे फारसं कुणी सांगत नाही.

आणि मग खोडद. नारायणगावजवळच्या या गावाच्या परिसरात गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय मीटर तरंगलांबी रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या; चौदा मध्यभागी जवळजवळ आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर लांबवर पसरलेल्या. या तबकड्या पत्र्याच्या नाहीत. त्या पोलादी तारांच्या जाळीच्या आहेत, आणि जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. ज्या रेडिओ लहरी पकडायच्या त्यांची लांबी वीसेक सेंटिमीटरपासून पुढे काही मीटर. एवढ्या लांब लहरींना ती भोकं दिसतच नाहीत, वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे सांगाडा हलका, खर्च कमी. तरंगलांबी म्हणजे काय हे ज्याला समजलं, त्याला ही काटकसर सुचू शकते. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांसाठी दालनं खुली असतात आणि आसपासच्या जिल्ह्यांतून शाळांच्या सहली येतात.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. एकमेकांशी काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या; प्रकाशाचा झोत दोघींत विभागून पाठवायचा, आरशांवरून परत आणायचा आणि एकत्र करून व्यतिकरण बघायचं. बारावीच्या वेव्ह ऑप्टिक्समधल्या यंगच्या प्रयोगाचं हे फार मोठं भावंड. गुरुत्वीय लहर जाताना नळीच्या लांबीत जो फरक पडतो तो प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी ही लहर पहिल्यांदा टिपली. गोंगाटातून तिचा माग कसा काढायचा, या गणितावर पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी त्याआधी कितीतरी वर्षं काम करत होते.

त्या शोधाहून मला त्याच्या पाच वर्षं आधीचा एक प्रकार जास्त आवडतो. सप्टेंबर २०१० मध्ये लायगोच्या नोंदींत एक जोरदार संकेत दिसला. सगळे कामाला लागले, महिनोन्‌महिने तपासण्या झाल्या, शोधनिबंधही लिहून तयार झाला. मग मार्च २०११ मध्ये बंद पाकीट उघडलं गेलं. तो संकेत खोटा होता. आपल्याच काही सहकाऱ्यांनी गुपचूप यंत्रात घातलेला. आपल्याला हवं ते दिसतंय म्हणून आपण भुलतो का, याची परीक्षा शास्त्रज्ञांनी स्वतःवरच घेतली होती. असं होऊ शकतं हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी मुकाट्याने शेवटपर्यंत काम केलं. जर्नलमध्ये ९.८ जुळवणाऱ्या कुठल्याही वर्गात हा किस्सा सांगण्यासारखा आहे.

आता एक अडचण, जी पालकांना सहसा कुणी समजावून सांगत नाही. दहावीपर्यंत विज्ञानात ९५ मिळवणारा मुलगा अकरावीच्या पहिल्या चाचणीत आपटतो, आणि ‘याला फिजिक्स जमत नाही’ असा निकाल घरात लागतो. बहुतेक वेळा अडलेलं असतं गणित. आपल्या अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसराच धडा सदिश आणि कलनाच्या तोंडओळखीचा आहे; गणिताच्या तासाला मात्र विकलन येतं वर्षाच्या शेवटाकडे आणि संकलन बारावीत. मधले सहा-आठ महिने मुलगा अर्धवट उमजलेल्या भाषेत फिजिक्स शिकत असतो. त्यात मराठी माध्यमातून आलेला असेल तर इंग्रजी पुस्तकाचा भार वेगळा. दहावीच्या सुट्टीत त्रिकोणमिती, आलेख आणि थोडं विकलन घासून घेतलं तर ही दरी पुष्कळ कमी होते. त्या सुट्टीत जेईईच्या फाउंडेशन बॅचला बसवण्यापेक्षा हे स्वस्तही आहे.

बारावीनंतर शुद्ध फिजिक्सकडेच जायचं तर पुण्यातली आयसर आहे, २००६ पासूनची; पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम. तिच्या आयएटी या परीक्षेत जीवशास्त्र, रसायन, गणित आणि भौतिकशास्त्र या चारही विषयांचे पंधरा-पंधरा प्रश्न असतात, त्यामुळे अकरावीत जीवशास्त्र सोडलेल्यांनी थोडी तयारी ठेवावी. भुवनेश्वरची नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरातलं अणुऊर्जा खात्याचं केंद्र, या दोन्हींसाठी नेस्ट ही परीक्षा. यातलं काही जमलं नाही तर जवळच्या कॉलेजात साधी बी.एस्सी. करायला लाज वाटायचं कारण नाही. तिसऱ्या वर्षी जॅम देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं. हुजूरपागेत शिकलेल्या रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) एस. पी. कॉलेजातून बी.एस्सी. आणि मुंबईच्या आयआयटीतून एम.एस्सी. करून कणभौतिकीत गेल्या आणि पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या.

पैशांचं सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. बोर्डात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांना इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८० हजारांची. पीएच.डी. करताना जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार. म्हणजे शिकताना उपाशी मरत नाही. पण पीएच.डी. संपेपर्यंत वय अठ्ठावीसच्या पुढे जातं, तोवर बरोबरीच्या इंजिनिअर मित्राचा फ्लॅट झालेला असतो, आणि कायमची नोकरी त्यानंतरही लगेच मिळतेच असं नाही. हे मुलाला आणि घरच्यांना आधीच माहीत असलेलं बरं. भाभा केंद्राच्या १९५७ पासूनच्या प्रशिक्षण शाळेतून एम.एस्सी.नंतर वर्षभराच्या प्रशिक्षणाने थेट वैज्ञानिक अधिकारी होता येतं, तो रस्ता यात तुलनेने आखूड. निवड मात्र कडक.

प्रयोगाला मान देणारी एक परीक्षा शाळकरी वयातच आहे. आंतरराष्ट्रीय फिजिक्स ऑलिंपियाडमध्ये ५० पैकी २० मार्क प्रयोगाचे असतात, आणि त्यासाठी पाच तास. २०१५ साली ती मुंबईतच भरली होती. भारताचा पाच जणांचा संघ मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या शिबिरातून निवडला जातो. संघात जायची स्वप्नं सोडा, पण त्या केंद्राच्या संकेतस्थळावर जुने पेपर फुकट मिळतात. त्यातला एखादा प्रायोगिक प्रश्न नुसता वाचला तरी बोर्डाचं प्रॅक्टिकल किती मवाळ आहे ते कळतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेला कुलूप असेल तर खिशातला फोन आहे. जर्मनीतल्या आखन विद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स नावाचं फुकट ॲप फोनमधल्या त्वरणमापीचं रीडिंग थेट आलेखात दाखवतं. एसटीने ब्रेक मारला की किती त्वरण, लिफ्ट सुटताना किती, सगळं मोजता येतं. फक्त घरातून निघण्याआधी फोन टेबलावर स्थिर ठेवून काय येतं ते बघायचं. तो ९.८ नेमके दाखवेलच असं नाही, कुठे ९.७ येईल, कुठे ९.९. तो आकडा वहीत पहिल्या ओळीत लिहायचा, आहे तसा, आणि मग एसटीत चढायचं.